‘चाललेले’ नावाचा फोल्डर

सकाळी नऊ वाजून सात मिनिटांनी मसुदे एकाच मेलच्या दोन प्रती पडद्यावर शेजारी शेजारी ठेवून वाचत होते. दोन्ही त्यांनीच लिहिल्या होत्या. पहिली गेल्या वर्षीची होती, दुसरी काल संध्याकाळची. तारीख सोडली तर काना-मात्रेचाही फरक नव्हता.

दोन्ही प्रती जोडून पाठवणाऱ्या बाई एका पाच मजली इमारतीच्या सेक्रेटरी होत्या. खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस पाठवाच. बरोबर हे लिहिणाऱ्यालाही पाठवा.’

मसुदे लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका मध्यम कंपनीत काम करतात. कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीपासून दुसरं टेबल त्यांचं. पहिलं टेबल रिकामं असतं, कारण तिथे वरच्या एसीचं पाणी ठिबकतं. खाली बादली ठेवलेली आहे. ती भरली की मसुदे ओतून येतात. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नाही आणि कोणी नको असंही म्हटलेलं नाही.

मसुदे हे त्यांचं आडनाव नव्हे. कंपनीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक अवघड मेलचा मसुदा तेच करतात, म्हणून पडलेलं ते नाव आहे. पण ते इतकं चपखल बसलं की नव्याने लागलेल्यांना खरंच वाटतं. एकदा कुरियरवाला ‘श्री. मसुदे’ असं छापलेलं पाकीट घेऊन आला, तर त्यांनी निमूटपणे सही केली, तीही ‘मसुदे’ अशीच. घरी हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली होती, “म्हणजे आता मी सौ. मसुदे. बरं झालं. तुमचं खरं आडनाव उच्चारताना लोकांचे फार हाल व्हायचे.”

ती आठ महिन्यांपूर्वी वारली.

त्यांच्या संगणकावर ‘चाललेले’ नावाचा एक फोल्डर आहे. जो मेल चालला तो त्यात जातो. चालला म्हणजे काय, याची व्याख्या पक्की आहे: रागाने लिहिणाऱ्या गिऱ्हाइकाचं पुढचं उत्तर शांत आलं पाहिजे. नुसतं ‘ठीक आहे’ आलं तरी चालतं. उत्तरच आलं नाही तर तो मेल आत जात नाही, कारण गप्प बसलेला माणूस शांत झालाय की वकिलाकडे गेलाय हे कळत नाही. फोल्डरच्या पोटात आणखी फोल्डर आहेत, ‘उशीर’, ‘आवाज येतो’, ‘अडकले’, ‘नाही म्हणणे’ आणि सगळ्यात मोठा ‘पुन्हा तेच’.

त्यातलं एक वाक्य कंपनीत सगळ्यांना पाठ आहे: ‘आमचा माणूस अकरा वाजता आपल्या दारात उभा असेल.’ आधी तिथे ‘येईल’ असा शब्द होता. ‘येईल’ लिहिलं की लोक दहापासून फोन करायला लागायचे. ‘उभा असेल’ लिहायला लागल्यापासून फोन कमी झाले. असं का होतं, याचा मसुद्यांनी विचार केलेला नाही. चाललं, ठेवलं.

ठेवताना ते माणसाचं नाव काढून ‘अमुक’ लिहितात आणि वस्तूचं नाव काढून ‘तमुक’. पुन्हा वापरताना हे दोन शब्द शोधायचे आणि त्या जागी खरे घालायचे. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला त्यांनी हे पहिल्याच दिवशी शिकवलं. तिला लागून तीन वर्षं झाली, पण तिच्यामागून कोणी लागलं नाही, म्हणून ती अजून ‘नवी’च आहे. नवी एकदा एका मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरला ‘प्रिय अमुक, आपल्या तमुकबद्दल आम्हाला खेद आहे’ असं पाठवून बसली होती. मॅनेजरने उलट विचारलं, ‘माझ्या कशाबद्दल?’

दुसरा नियम असा की एकच मेल एकाच गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा जाता कामा नये. पाठवण्याआधी जुने मेल चाळायचे. हा नियम मसुद्यांनी स्वतः केला, नवीला शिकवला, आणि काल संध्याकाळी स्वतःच मोडला. चाळायचं राहून गेलं. अलीकडे अशा गोष्टी राहून जातात. चहा समोर येतो, गार होतो आणि परत जातो.

“मसुदेकाका, जाणार का तुम्ही?” नवीने विचारलं. तिने बाईंचा मेल वाचला होता. कार्यालयात सगळे सगळ्यांचे मेल वाचतात.

“बोलावलंय तर जायला हवं.”

“ओरडेल हो ती. मी येऊ का सोबत?”

“ओरडू दे.”

त्यांच्या आवाजात धीटपणा नव्हता आणि भीतीही नव्हती. ओरडलं काय, नाही ओरडलं काय, असा तो आवाज होता. 

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक मेल रविवारपासून उघडा होता. तो मुलीचा. मुलगी दुसऱ्या शहरात राहते, प्रयोगशाळेत पाळ्यांमध्ये काम करते. वडिलांच्या फोल्डरबद्दल तिला लहानपणापासून माहीत आहे. शाळेतली गैरहजेरीची चिठ्ठीसुद्धा त्यांनी तिथूनच काढून दिली होती. तिने लिहिलं होतं:

‘प्रिय अमुक,
शनिवारी मी परदेशी निघते आहे. काम तीन वर्षांचं आहे, मध्ये येणं जमेलसं वाटत नाही. आईचे शेवटचे दिवस कसे गेले ते मला लिहून पाठवा. फोल्डरमधलं एक वाक्यही नको. मेल आला तर शुक्रवारी येऊन भेटून जाईन. नाही आला तर इथूनच निघेन.
आपली विश्वासू,
तमुक.’

आज गुरुवार होता.

मसुद्यांनी रविवारी दुपारी पहिला प्रयत्न केला. ‘तुझा मेल मिळाला. तू विचारलेल्या माहितीसंदर्भात कळवतो की’ इथपर्यंत आले आणि सगळं पुसलं. सोमवारी सकाळी ‘तुझ्या भावना आम्ही समजू शकतो’ असं लिहिलं. ‘आम्ही’ या शब्दाकडे ते थोडा वेळ बघत राहिले. घरात ते एकटेच राहतात. मंगळवारचं वाक्य ‘नाही म्हणणे’मधलं निघालं, बुधवारचं ‘उशीर’मधलं. हात आपोआप तिकडे जात होते. आपण कुठलं वाक्य कुठून उचललं हे त्यांना लगेच ओळखू यायचं, कारण प्रत्येक वाक्य त्यांचंच होतं.

मुलीने असं का मागितलं, हे कोणाला विचारायची गरज नव्हती. आठ महिन्यांपूर्वी बायको दवाखान्यात होती, सोमवार ते गुरुवार. मुलगी रात्रपाळीला असायची, फोनवर गाठ पडायची नाही, म्हणून मसुदे तिला रोज संध्याकाळी मेल करत. ‘प्रकृती स्थिर आहे. डॉक्टर लक्ष ठेवून आहेत. घाबरून जाऊ नये. पुढील माहिती उद्या दुपारपर्यंत कळवतो.’ हा मजकूर ‘अडकले’मधला होता. लिफ्टमध्ये कोणी अडकलं की बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना तो पाठवतात, ‘प्रकृती’च्या जागी ‘परिस्थिती’ आणि ‘डॉक्टर’च्या जागी ‘तंत्रज्ञ’ घालून. बरीच वर्षं चाललेला मेल आहे. मुलीने निघण्याचं तिकीट काढलं होतं. मंगळवारचा मेल वाचून तिने ते रद्द केलं.

ती पोचली ती शुक्रवारी. सगळं उरकल्यावर, पाहुणे गेल्यावर, ती स्वयंपाकघराच्या दारात कप धरून उभी राहिली आणि म्हणाली, “तुमचा मेल चालला, बाबा. मी आले नाही.”

मसुदे म्हणाले, “हो.”

“हो काय?”

 तिने कप विसळला, पालथा घातला आणि बॅग भरायला गेली. त्यानंतर आठ महिने दोघांमध्ये जे बोलणं झालं ते गॅसचा नंबर, बँकेचा पत्ता, आईच्या साड्या कोणाला द्यायच्या, एवढ्यापुरतं.

साडेदहाला कंपनीची गाडी निघाली. चालवायला चावी होता. चावी म्हणजे दुरुस्तीचा मुख्य मिस्त्री. लिफ्टचं दार बाहेरून उघडायची तिकोनी किल्ली त्याच्या गळ्यात दोरीला बांधलेली असते, झोपतानाही काढत नाही असं त्याची बायको सांगते. त्याच्यात आणि मसुद्यांमध्ये दिवसातून सात-आठ वेळा फोनवर बोलणं होतं. तो जागेवर जातो, मसुदे टेबलावरून त्याला चार प्रश्न विचारतात आणि उत्तरांचा मेल करतात. प्रश्न ठरलेले आहेत. किती वाजता पोचलास? काय दिसलं? काय केलंस? आत्ता काय स्थिती आहे? चावी मध्येच बिल्डिंगवाल्यांना शिव्या देतो, त्या मसुदे गाळतात.

“आज काय, साहेब स्वतः साइटवर,” चावी म्हणाला. “हेल्मेट देऊ का डोक्याला? बाई पट्टी घेऊन बसली असेल.”

“दे.”

“अहो गंमत केली.”

“हो का.”

चावीने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि रेडिओ लावला.

सेक्रेटरीबाई दातांच्या निवृत्त डॉक्टर होत्या. तळमजल्यावर लिफ्टच्या बंद दारासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या, जणू दवाखान्यात पुढच्या रुग्णाची वाट बघत आहेत. गेल्या वर्षी त्याच अडकल्या होत्या आणि परवाही त्याच. दोन्ही वेळा वीज गेलेली नव्हती, फक्त लिफ्ट थांबली, आतला दिवा विझला आणि बॅटरीवरचा लागलाच नाही.

“तुम्हीच का ते?”

“हो,” मसुदे म्हणाले.

“मला वाटलं यंत्र असेल.”

“नाही. मीच.”

“मग जास्तच वाईट झालं. यंत्राला मी माफ केलं असतं.”

चावी पेटी उघडत म्हणाला, “बाई, यंत्र बिघडलं तर मी आहे. यांना दुरुस्त करणारा माणूस आमच्याकडे नाही.”

बाई हसल्या नाहीत. “गेल्या वर्षी तुम्ही लिहिलं होतं, अंधारात थांबलेल्या माणसाची पाच मिनिटं बाहेरच्या माणसाच्या पाच मिनिटांएवढी नसतात. मी ते आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, कंपनीत कोणीतरी आहे ज्याला कळलंय. मेल जपून ठेवला. परवा परत अडकले, परत तेच वाक्य आलं. म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतंच कधी.”

“वाक्य खरं आहे,” मसुदे म्हणाले.

“खरं आहे म्हणून तर चीड आली. खोटं असतं तर तुमच्या कंपनीची जाहिरात म्हणून सोडून दिलं असतं.”

मसुद्यांना इथे काहीतरी बोलणं भाग होतं. ‘पुन्हा तेच’मधली तीन वाक्यं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली, तिन्ही चाललेली. त्यांनी एकही उच्चारलं नाही. “माझ्याकडून चाळायचं राहिलं,” एवढंच म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं, दात बघावेत तसं, आणि खुर्ची बाजूला ओढली. “करा तुमचं काम.”

बिघाड साधा होता. दार नीट लागलं आहे हे लिफ्टला कळवणारी एक पितळी पट्टी असते. चौथ्या मजल्यावरची पट्टी झिजली होती, त्यामुळे लिफ्टला मधेच वाटायचं की दार उघडं आहे, आणि ती जागच्या जागी थांबायची. गेल्या वर्षी तीच पट्टी घासून पुसून बसवली होती. चावीने ती काढून खिशात टाकली, नवी बसवली. मग दिव्याची बॅटरी बदलली. बदलल्यावर ती तपासावी लागते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवायची, वीज बंद करायची आणि बॅटरीवरचा छोटा दिवा दहा मिनिटं टिकतो का ते आत बसून बघायचं.

“या आत,” चावी म्हणाला. “मेल लिहिता एवढी वर्षं, अडकून तरी बघा.”

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये त्याने लिफ्ट थांबवली. मोठा दिवा गेला, छोटा लागला. त्याच्या उजेडात चावीच्या कपाळावरचं ग्रीस तेवढं चमकत होतं. चावी अवजारांच्या पेटीवर बसला. मसुदे कोपऱ्यात टेकून उभे राहिले.

“उद्या येतेय ना पोरगी? परवा म्हणालात.”

“मेल गेला तर.”

“मग पाठवा की.”

“लिहिता येत नाही.”

चावीला आधी ही थट्टा वाटली. “मी फोनवर सांगतो, इथला चेअरमन गाढव आहे, आणि तुमच्या मेलमध्ये त्याचं होतं ‘माननीय अध्यक्षांच्या सूचना मौल्यवान आहेत’. तुम्हाला लिहिता येत नाही?”

“काय लिहायचं ते ठाऊक आहे. लिहायला घेतलं की फोल्डरमधलं येतं.”

चावीने घड्याळात बघितलं. दिव्याची सात मिनिटं राहिली होती. “बरं. तुम्ही मला विचारता तसं मी तुम्हाला विचारतो. किती वाजता पोचलात?”

“कुठे?”

“दवाखान्यात हो. शेवटच्या दिवशी.”

“सकाळी सहाला.”

“काय दिसलं?”

 मसुदे बोलले, फोनवर बोलतात तसंच, प्रत्येक गोष्ट वेगळी ठेवत. “उठून बसली होती. खिडकीकडे तोंड होतं. नर्सने केस विंचरले होते, भांग उलट्या बाजूला पाडला होता. मी म्हटलं, भांग चुकलाय. म्हणाली, राहू दे, कोणाकडे तरी पाहुणी आल्यासारखं वाटतंय.”

“काय केलंत?”

“चष्मा मागितला तिने. घरी राहिला होता. मी म्हटलं दुपारी आणतो. दुपारी घरी गेलो, घेतला. परत आलो तेव्हा दवाखान्याच्या लिफ्टमध्ये होतो. आत रेंज नसते. बाहेर आलो तर तीन फोन येऊन गेलेले.”

चावीने तिकोनी किल्ली बोटाभोवती गुंडाळली, सोडली. “आत्ता काय स्थिती आहे?”

“चष्मा घरी आहे. खणात.”

“मी चष्म्याची नाही विचारली.”

“माझी?” मसुदे म्हणाले. “चालू आहे.”

“चालू म्हणजे नीट चालू की नुसती चालू?”

हा फरक चावीचाच आहे. लिफ्ट वरखाली होते पण कधी थांबेल सांगता येत नाही, तेव्हा तो फोनवर ‘नुसती चालू’ म्हणतो. मसुदे मेलमध्ये ते ‘सध्या कार्यरत’ असं करतात.

“नुसती चालू.”

छोटा दिवा टिकला होता. चावी उठला, पण त्याने वीज लगेच लावली नाही. “आणि पोरीबद्दल वहिनी काही म्हणाल्या का? तिला तेच हवं असणार.”

“म्हणाली.” मसुद्यांनी पॅनेलवरच्या बटणांकडे बघत सांगितलं. “मंगळवारी. मी मोबाइलवर मेल लिहीत होतो, तिने विचारलं काय लिहिताय. मी वाचून दाखवला. म्हणाली, एवढं कशाला, तिला नुसतं ‘ये’ लिहा.”

“आणि?”

“माझं लिहून झालं होतं. ‘घाबरून जाऊ नये’ असं होतं. तेच पाठवलं.”

 चावीने बटण दाबलं, मोठा दिवा लागला आणि लिफ्ट चौथ्या मजल्यावर जाऊन नीट थांबली. खाली उतरताना तो एवढंच म्हणाला, “हे लिहिलंत तर ती येईल की नाही, मी सांगू शकत नाही.”

“मलाही सांगता येत नाही.”

“पण साइट रिपोर्ट असाच असतो.”

दुपारी कार्यालयात परतल्यावर मसुद्यांनी आधी बादली ओतली. मग सेक्रेटरीबाईंना मेल केला. फोल्डर उघडला नाही, कारण त्यात या प्रसंगाचं काही नव्हतं. ‘चौथ्या मजल्यावरची पट्टी गेल्या वर्षीच बदलायला हवी होती. आज बदलली. बॅटरीचा दिवा दहा मिनिटं टिकतो. तपासताना मी आत होतो.’ खाली ‘आपला विश्वासू’ लिहायचं राहून गेलं आणि या वेळी त्यांनी ते घातलंही नाही.

नंतर मुलीचा मेल वर घेतला. चारच प्रश्न होते आणि दिवसही चार, त्यामुळे मजकूर लांबला. सोमवारी बायकोला उचलून खाली कसं आणलं, त्यांच्या स्वतःच्या इमारतीची लिफ्ट त्या दिवशी चालू होती, शेजारच्या माणसाने उशी दिली, ती उशी अजून परत द्यायची आहे. मंगळवारी ती काय खाऊ शकली आणि काय नाही. बुधवारी तिने शेजारच्या खाटेवरच्या बाईला स्वेटरचा टाका समजावून सांगितला, हवेतच, सुया नसताना, आणि त्या बाईला तो कळला नाही. गुरुवारचं चावीला सांगितलं तसंच उतरवलं. मंगळवारचं ‘ये’ त्यांनी मंगळवारातच लिहिलं, शेवटी ठेवलं नाही. ‘तिने सांगितलं होतं, तिला नुसतं “ये” लिहा. मी ते लिहिलं नाही. त्याआधी लिहून झालेलं पाठवलं. तिला सांगितलं की पाठवलंय. काय पाठवलंय ते तिने परत विचारलं नाही.’

कुठे माफी मागितलेली नव्हती. लिहिताना ती आली होती, दोनदा. दोन्ही वेळा ‘उशीर’मधली होती, म्हणून त्यांनी काढून टाकली.

नवी आज लवकर, पर्स खांद्याला लावून निघाली होती. टेबलाशी थांबली. “एवढा मोठा? कोणाच्या लिफ्टचा दोर तुटला की काय?”

“मुलीला लिहितोय.”

“अच्छा.” ती सवयीने म्हणाली, “अमुक-तमुक बघितलंत का?”

मसुद्यांनी खरंच शोधलं. ‘अमुक’ एकदाही सापडला नाही, ‘तमुक’ही नाही. त्यांनी मेल पाठवला. चार वाजून काही मिनिटं झाली होती.

पाचपर्यंत उत्तर आलं नाही. या वेळात त्यांनी ‘आवाज येतो’च्या दोन तक्रारींना उत्तरं दिली आणि एका शाळेला नाही म्हटलं. सेक्रेटरीबाईंचं उत्तर आलं, ‘ठीक आहे. पट्टीचं आधी सांगायला हवं होतं.’ नियमाप्रमाणे हे चाललेलं होतं. मसुद्यांनी तो मेल ‘पुन्हा तेच’मध्ये ओढायला घेतला. मग नावाच्या जागी ‘अमुक’ घालायला गेले तर त्यात कुणाचं नावच नव्हतं. ‘तपासताना मी आत होतो’ हे पुढच्या गिऱ्हाइकाला लिहायचं असेल तर आधी आत जाऊन बसावं लागेल. मेल होता तिथेच राहिला.

साडेपाचला मुलीचं उत्तर आलं. एकच ओळ होती.

‘चष्मा आत्ता नेमका कुठे आहे?’

त्यांनी लिहिलं, ‘टीव्हीखालच्या खणात. डावीकडचा. डबीत नाही, डबी सापडली नाही.’

तिचं लगेच आलं. ‘मंगळवारचं वाचलं. त्याच्यावर आत्ता काही बोलत नाही. उद्या सकाळच्या गाडीने येते, पावणेअकराला पोचेन. चष्मा मी नेणार आहे. संध्याकाळी परत निघायचंय. मला किल्ली सापडत नाहीये, घरी थांबा.’

मसुद्यांनी हे दोनदा वाचलं. हे उत्तर शांत आहे की नाही, त्यांना ठरवता येईना. नोकरीच्या एकोणीस वर्षांत असं फार वेळा झालेलं नाही. त्यांनी ‘बरं’ असं लिहून पाठवलं आणि उद्याच्या अर्ध्या दिवसाच्या रजेचा मेल वरिष्ठांना केला. तो फोल्डरमधलाच होता: ‘अपरिहार्य वैयक्तिक कारणास्तव’. वरिष्ठांनी ‘ठीक आहे’ कळवलं.

घरी पोचले तेव्हा त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावर नोटीस लागलेली होती. देखभालीचं काम त्यांच्याच कंपनीकडे आहे, नोटिसीचा मजकूरही बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनीच केलेला. रिकाम्या जागी कोणीतरी पेनाने तारीख भरली होती. ते लिफ्टने पाचव्या मजल्यावर गेले. टीव्हीखालचा डावा खण उघडून चष्मा आहे का बघितलं. होता. काचांवर धूळ होती, ती त्यांनी पुसली नाही. खण लावला. मग पलंगाखालून शेजाऱ्याची उशी काढली, झटकली आणि दाराजवळच्या खुर्चीवर ठेवली.

वार्षिक तपासणीसाठी उद्या, शुक्रवारी, सकाळी दहा ते दुपारी एक त्यांच्या इमारतीची लिफ्ट बंद राहणार आहे.